लुदोला स्की येत नाही

मार्चच्या सुट्टीचा सोमवार म्हणजे सँत-एव्हलीनच्या टेकडीवर नुसती जत्रा. शाळा आठवडाभर बंद, आईबापांची कामं चालूच, मग पोरं ठेवायची कुठे? टेकडीवर. सकाळी गाड्यांची रांग लागते, दारं उघडतात आणि प्रत्येक गाडीतून दोन-तीन गोलमटोल पोरं बाहेर सांडतात. अंगावर इतके थर की हात खालीच जात नाहीत. तसेच आडवे पसरून चालतात.

लाल जाकीटवाले स्कीमास्तर रांगेत उभे होते. रांगेच्या अगदी टोकाला लुदो. पूर्ण नाव लुदोव्हिक, पण ते त्याची आईसुद्धा वापरत नाही. वय वीस. गुडघा जायच्या आधी शर्यतीत उतरायचा, आसपासच्या टेकड्यांवर नाव होतं. म्हणजे स्की त्याला कशी यायची, तर तुम्हाआम्हाला जिना उतरता येतो तशी. शिकवता मात्र येत नव्हतं. अजिबात. हिवाळाभर जो गट दिला त्यात रडारड. एका पोराने तर घरी जाऊन सांगितलं, तो दादा सारखा घोट्यांबद्दल बोलतो. आणि खरंच बोलायचा तो. घोटा किती वाकला पाहिजे, वजन तळपायाच्या कुठे आलं पाहिजे, का आलं पाहिजे. पाच वर्षांच्या पोराला. उणे अठराच्या थंडीत.

बिसोनेत, म्हणजे स्कीशाळेचा प्रमुख, गट वाटत वाटत त्याच्यापाशी पोचला.

"तुला सहा. सगळे कोरे. एकानेही आयुष्यात पायात स्की घातलेली नाही."

"चालेल."

"चालेल नाही, चालवावं लागेल. शुक्रवारी अकराला आईबाप कुंपणापाशी येऊन उभे राहतात. तेव्हा सहाच्या सहा पोरं लिफ्टच्या खुर्चीतून वर जाऊन आपापली खाली आली पाहिजेत. कुणाला उचलायचं नाही, कुणाला धरायचं नाही. नाही आली, तर हे जाकीट खुंटीवर आणि सोमवारपासून तू बुटांच्या खोलीत."

बुटांची खोली तळघरात आहे. भाड्याने दिलेले बूट दिवसभर अनोळखी पायांत शिजतात, संध्याकाळी परत येतात, आणि एक माणूस एकेका बुटात नाक घालून फवारा मारतो. गेल्या वर्षीच्या माणसाला अजून चीज जात नाही म्हणे. आणि इकडे लुदोच्या आईने बेकरीत, केस कापायच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगून ठेवलं होतं की पोरगा मास्तर झाला.

तो थेट उगेतकडे गेला. उगेत सत्तरीची. निम्म्या गावाला तिनेच उभं केलेलं, म्हणजे स्कीवर. ती मास्तरांच्या लाकडी झोपडीत बसून खजुराची वडी खात होती.

"उगेत, लहान पोरांना शिकवायचं कसं? पटकन सांग. ती आलीत बाहेर."

"पटकनच सांगते, कारण तुझा रोग तोच आहे. बडबड. पोराला नाक शिंकरायला लागतं तेवढ्या वेळात तुझं बोलणं संपलं पाहिजे."

"बरं."

"एकाला शू लागली की सगळी वरात न्यायची. नाहीतर पहिल्याचे कपडे चढवून होईतो दुसऱ्याला लागते, आणि तुझी सकाळ संडासात जाते. भीती वाटते का असं कुणाला विचारू नकोस. ज्यांना वाटत नव्हती तेसुद्धा विचारात पडतात. रडणाऱ्याला काम द्यायचं. माझी काठी धर, माझी टोपी सांभाळ, काहीही." तिने बोटं चाटली. "आणि पड."

"काय?"

"पड. सुरुवातीलाच एकदा, चांगला धपकन. मास्तर पडला आणि हसत उठला की पोरांना कळतं, पडल्याने कुणी मरत नाही."

लुदो हसला. शर्यतीतला माणूस तो. लाल जाकीट घालून मुद्दाम पडायचं?

"मी पडत नाही, उगेत."

"मग बुटांच्या खोलीत जाताना नाकाला चिमटा लाव," ती म्हणाली आणि दुसरी वडी उचलली.

बाहेर सहा जण उभे होते. एलोई बर्फ खात होता. अर्नो "का?" विचारत होता, कशालाही. दोघी जुळ्या बहिणी एकमेकींचा हात सोडायला तयार नव्हत्या. एक जण नुसता नाक ओढत होता, नाव विचारलं तरी नाकच ओढायचा. आणि सहावी ब्लांश.

ब्लांश सहा वर्षांची. स्की पायात चढवल्या, लुदोने पाठ वळवली, परत वळून बघतो तर ही बर्फात बसलेली. पडली नव्हती. बसली होती. सोफ्यावर बसतात तशी.

"ऊठ ब्लांश."

"नाही."

"का?"

"मला येत नाही."

"अगं, येत नाही म्हणून तर शिकायला आलीस ना?"

"मी नाही आले. आईने आणलं."

लुदोने आपल्याला जे येतं तेच केलं. समजावून सांगायला लागला. उठायचं कसं. स्की उताराला आडव्या, गुडघे पोटाशी, हात बर्फावर, खेकड्यासारखं एका कुशीने वर. हे का, तर उताराच्या दिशेला स्की राहिल्या की उठताउठताच घसरतो. मग पिझ्झाचा तुकडा, म्हणजे पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग कमी होतो. मग फ्राईज, म्हणजे स्की एकमेकींना समांतर, की वेग वाढतो. मग नडगी. मग अर्थातच घोटा. बोलत राहिला, बोलत राहिला. जुळ्या रडायला लागल्या. आधी एक, मग हात धरलेला म्हणून दुसरी. ब्लांश ढिम्म.

इतक्यात एलोई, बर्फ चघळत, मागून हळूच घसरत आला आणि त्याच्या स्कीचं टोक लुदोच्या दोन्ही पायांमध्ये घुसलं.

लुदो पडला. पडला म्हणजे काय, तोंडावर, हात पसरून, चष्मा एकीकडे, काठी दुसरीकडे. तोंडात बर्फ. गेल्या कित्येक वर्षांत असा पडला नसेल.

रडणं थांबलं. मग त्या नाक ओढणाऱ्या पोराने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि असा हसला, असा हसला, की स्वतःच बसकण मारली. मग सगळेच.

ब्लांश हसली नाही. तिने स्की आडव्या केल्या, गुडघे पोटाशी घेतले, हात टेकले, खेकड्यासारखी उभी राहिली. आणि पिझ्झा करत करत, तंगड्या फाकून, लुदोच्या डोक्याशी येऊन थांबली. वाकून बघितलं.

"तुलापण येत नाही?"

आता इथे खरं सांगायचं ना? पण ती उभी होती. जी बाई सोफ्यावरून उठणार नव्हती ती उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं होतं. लुदोच्या तोंडून निघून गेलं,

"नाही गं. माझा पण आज पहिलाच दिवस."

"मग हे जाकीट?"

"उसनं आणलंय."

ब्लांशने उसासा टाकला. घरातली सगळी कामं आपल्यालाच करावी लागतात असा.

"स्की आडव्या कर. आडव्या! उताराला आडव्या. नाहीतर उठताउठताच घसरशील." तिने सगळंच ऐकलं होतं. शब्द न् शब्द. "गुडघे पोटाशी. हात टेक. अर्नो, त्याची काठी आण. का विचारू नकोस."

आणि तिथून सगळं बदललं.

मंगळवारी लुदोला शिकवायला सहा मास्तर होते. तो पिझ्झा उलटा करायचा, म्हणजे मागची टोकं जवळ आणि पुढची लांब. पोरं ओरडायची, "नाहीईई!" आणि प्रत्येक जण त्याला बरोबर करून दाखवायचा. दाखवताना स्वतः पडला तर लाज वाटायची, म्हणून पडायचाच नाही. उभ्याउभ्या वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर चढताना तो मुद्दाम उलट्या दिशेला तोंड करायचा. जुळ्यांनी हात सोडले, कारण त्याला दोन्ही बाजूंनी ढकलायला दोन मोकळे हात लागायचे. एलोईने बर्फ खाणं कमी केलं. वेळच नव्हता.

वाईट स्की करणं किती अवघड असतं ते लुदोला आत्ता कळलं. पाय आपोआप बरोबर पडायचे. रात्री आरशासमोर उभा राहून धडपडायचा सराव करावा लागला. अंग काळंनिळं झालं. शर्यतीत उतरायचा त्या काळात एवढं नव्हतं झालं.

ब्लांश कडक होती. "तू ऐकतच नाहीस. मी काय सांगते? पायांकडे बघू नकोस. पाय कुठे जात नाहीत, ते तुझ्याबरोबरच आहेत. कुठे जायचंय तिकडे बघ." हे वाक्य लुदोचं नव्हतं. तिचं स्वतःचं होतं. लुदोने मनात टिपून ठेवलं, आपल्याला हे इतकं सोपं कधी सुचलं नसतं.

उगेत बाजूने गेली, तेव्हा तो एका झुडपात पालथा होता आणि ब्लांश काठीच्या टोकाने त्याचा घोटा दाखवत होती.

"एकदा पड म्हटलं होतं मी," उगेत हळूच म्हणाली. "फीट आल्यासारखं नाही."

बुधवारी दुपारी हॉट चॉकलेट पिताना लुदोने सगळ्यांना जवळ बोलावलं. म्हणाला, हे बघा, मला येत नाही हे कुणाला सांगायचं नाही हं. बिसोनेतला कळलं तर माझं जाकीट काढून घेईल. सहाही जणांनी शपथ घेतली. ओठांना चेन लावल्याची खूण केली. एलोईने चेनचं कुलूप गिळूनसुद्धा दाखवलं.

सहा वर्षांच्या पोरांची शपथ. लुदोचाही भाबडेपणा बघा.

गुरुवारी पहिल्यांदा लिफ्ट, म्हणजे तारेला लटकत टेकडीवर जाणाऱ्या खुर्च्या. आता मास्तर एक आणि पोरं सहा, आणि लहान पोराला खुर्चीत एकटं बसवत नाहीत. मग टेकडीवरची रीत अशी, की रांगेत जे कुणी मोठं माणूस उभं असेल त्याला विचारायचं, "एखादं पोर घ्याल का?" लोक घेतातही हसत हसत. लुदोने अर्नो आणि एलोईला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे दिलं, नाकवाल्याला एका दाढीवाल्याकडे. जुळ्या स्वतःकडे ठेवल्या. आणि ब्लांशला दिलं चंदेरी जाकीट घातलेल्या एका बाईकडे. बाई छान हसली. ब्लांशपण छान हसली. खुर्ची उचलली गेली.

लुदो मागच्याच खुर्चीत होता. ऐकू काही येत नव्हतं, वारा होता, पण दिसत सगळं होतं. ब्लांशचं हेल्मेट आधी सरळ. मग बाईकडे वळलं. मग हेल्मेट हलायला लागलं. मग ब्लांशने ओठांवरून बोट फिरवलं, चेन लावल्याची खूण. लुदोला जरा बरं वाटलं. आणि मग तिने ती चेन उघडून दाखवली.

मग एक हात वर गेला आणि धप्पकन मांडीवर पडला. परत वर, परत धप्प. उताणा. परत वर, धप्प. पालथा. वेगवेगळ्या प्रकारांनी. बाईने मागे वळून लुदोकडे बघितलं. लुदोने हात हलवला. बाईने नाही हलवला. खुर्ची वर पोचेपर्यंत ती सारखी मागे वळून बघत होती.

वरून खाली पोरं आली, पण ब्लांश एकटी नाही आली. तिने लुदोचा हात धरला होता. "तू पडशील म्हणून," ती म्हणाली. हात सोडून बघ म्हटलं, तर तोंड कसंनुसं झालं. "आज नको. तुझी तयारी नाही अजून."

दुपारी निरोप आला. प्रमुखांच्या खोलीत बोलावलंय.

टेकडीवर सगळे सगळ्यांना अरेतुरे करतात. बिसोनेत एरवी टेबलावर पाय टाकून बोलतो. आज पाय खाली होते.

"बसा," तो म्हणाला.

लुदो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"एक बाई आल्या होत्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या गटात आहे. त्यांचं म्हणणं, या शाळेत एक असा मास्तर आहे की ज्याने सोमवारी पहिल्यांदा स्की पायात घातली. आणि त्याचं जाकीट उसनं आहे. तुमचं काय म्हणणं आहे?"

लुदोने सगळं सांगितलं. पडणं, खेकडा, झुडूप, सगळं. सांगताना वाटलं, ऐकायला तर मजेशीर आहे, हसेल हा. बिसोनेत हसला नाही.

"आईबाप आपली पोरं माझ्याकडे सोडून जातात ती मास्तरला स्की येते या भरवशावर. उद्या अकराला मी वर असेन. आईबाप खाली असतील. तुम्ही सगळ्यांत आधी उतरायचं, नीट, जसं तुम्हाला येतं तसं, की कुंपणापाशी उभ्या एकेकाला कळलं पाहिजे. मागून पोरं. कळलं?"

"अरे पण मी नीट उतरलो तर ब्लांशला कळेल मी खोटं बोललो. ती खाली बसेल. ती बसली की उठत नाही, तुला माहीत नाही ती."

"आणि तुम्ही धडपडत उतरलात तर थेट बुटांच्या खोलीत. बूटही काढू नका."

म्हणजे इकडून गेलं तरी तळघर आणि तिकडून गेलं तरी तळघर.

उगेत पार्किंगमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडत होती. लुदोने तिला गाठलं.

"तुझं ऐकूनच झालं हे सगळं. आता काय करू?"

"माझं? मी पडायला सांगितलं, बाळा. खोटं बोलायला सांगितलं का?" तिने काचेवर फुंकर मारली. "पोरांशी खोटं बोलायचं तर असं, की जे त्यांनाही खोटं आहे हे माहीत असतं. टेकडीखाली अस्वल झोपलंय वगैरे. तू सरळ जन्मदाखलाच बदललास."

"मग खरं सांगून टाकू?"

"सांग की. बघ काय होतं ते," असं म्हणून ती गाडीत बसली आणि निघून गेली. मदत म्हणून एवढंच.

शुक्रवार. कडक ऊन, कडक थंडी. कुंपणापाशी आईबाप, हातात फोन, कॉफीच्या वाफा. चंदेरी जाकीट लांबूनही चमकत होतं. लुदोची आई पण आली होती. तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. तिने बेकरीवालीलाही बरोबर आणलं होतं.

लुदोने ब्लांशला आपल्या खुर्चीत घेतलं. वर पोचायच्या आत सांगून टाकायचं, ठरवलं होतं त्याने.

"ब्लांश, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"घाबरू नकोस."

"नाही, घाबरलो नाहीये. ऐक ना—"

"तू घाबरलास की मागे झुकतोस. मग पडतोस. आज आईबाप आहेत, म्हणून जास्त घाबरशील." तिने त्याच्या गुडघ्यावर हातमोजा ठेवला. दुखऱ्याच. "गाणं म्हण मनातल्या मनात. मी म्हणते."

"तू म्हणतेस? कधी?"

"नेहमी. मलापण भीती वाटते की. पण मी सांगत नाही. तू आणखी घाबरला असतास."

सांगायचं राहिलंच. खुर्ची वर पोचली.

वर बिसोनेत हात बांधून उभा. बाकीची पोरं एकेका अनोळखी माणसाबरोबर येऊन पोचली. नाकवाला सगळ्यात शेवटी. लुदोने सहाही जणांना अर्धगोलात उभं केलं. श्वास घेतला.

"एक गोष्ट सांगायचीये. मी तुमच्याशी खोटं बोललो. मला स्की येते. आधीपासून. लहानपणापासून. मी शर्यतीत जायचो. चांगली येते मला. सॉरी."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. लुदो ब्लांशच्या गुडघ्यांकडे बघत होता. आता वाकतील, आता बसेल.

"हो का," एलोई म्हणाला.

"मलापण विमान चालवता येतं," अर्नो म्हणाला.

जुळ्यांपैकी एक खुदकन हसली. नाकवाल्याने नाक ओढलं, पण दयेने.

"अरे खरंच!" लुदो म्हणाला. "खोटं होतं ते पडणं सगळं!"

"सगळं?" अर्नोने विचारलं. "झुडपातलं पण?"

"झुडपातलं पण."

"मग का पडलास झुडपात?"

कुठला शहाणा माणूस स्की येत असताना झुडपात पडतो?

ब्लांश सरकत सरकत बिसोनेतपाशी गेली. मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"तू बिसोनेत ना? तुझ्यामुळे बोलतोय तो असं. तू जाकीट काढून घेणार म्हणून. तू असा हात बांधून उभा राहू नकोस, तो घाबरतो."

बिसोनेतने हात सोडले. का सोडले त्याचं त्याला कळलं नाही बहुतेक.

"लुदो आधी उतरेल," तो घसा साफ करून म्हणाला. "ठरलंय तसं."

"नाही," ब्लांश म्हणाली. "ज्याला येत नाही तो शेवटी. मी आधी. माझ्या मागे सगळे, आणि माझ्या रेषेतून तू. कळलं का लुदो? रेषा सोडायची नाही." थोडी थांबली. आज कुणाचाच हात धरलेला नव्हता. ओठ हलत होते, गाणं चालू होतं. "बघ हं. मी कशी जाते ते बघ."

आणि गेली.

एकटी. स्कीची टोकं जवळ, हात पुढे, नजर पायांवर नाही, लांब, जिथे जायचंय तिथे. उजवीकडे वळली, डावीकडे वळली, मोठ्या मोठ्या वळणांनी, सावकाश. तिच्या मागे एलोई, मग जुळ्या, मग अर्नो, मग नाकवाला. एकामागोमाग एक, बदकांसारखी. कुणी पडलं नाही. कुणी थांबलं नाही. लुदो बघतच राहिला. शर्यतीतली पदकं त्याच्या आईने भिंतीवर टांगलीत, पण छाती अशी कधी भरून आली नव्हती.

"आता तुम्ही," बिसोनेत मागून म्हणाला. "आणि नीट."

लुदोने रेषा सोडली नाही. ब्लांशच्याच रेषेतून, तिच्याच वेगाने, तिच्यासारखाच पिझ्झा करत उतरला. अर्ध्यावर आला. खाली सहाही पोरं कुंपणापाशी ओळीने उभी होती, आईबापांकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून. ब्लांशने दोन्ही हातांचा भोंगा केला.

"लुदोऽऽ! आता फ्राईज! घाबरू नकोस! फ्राईज कर!"

मास्तरीणबाईंचा हुकूम. लुदोने स्की समांतर केल्या.

आणि मग गेला तो. गुडघा दुखत होता, दुखू दे. स्कीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर, सुरीने लोणी कापावं तसा आवाज, बर्फाचा पिसारा उडतोय. हिवाळाभर कुणाला दाखवलं नव्हतं ते सगळं त्या उरलेल्या अर्ध्या उतारात. कुंपणापाशी आला, झटक्यात आडवा होऊन थांबला, पहिल्या रांगेतल्या कॉफ्यांवर बर्फ सांडला.

लुदोने ब्लांशकडे बघितलं नाही. हिंमतच झाली नाही.

"येऽऽऽ!" एलोई किंचाळला. मग सहाही पोरं त्याच्या अंगावर. ती सगळी, आणि खाली लुदो.

ब्लांश मात्र त्या ढिगाऱ्यात नव्हती फार वेळ. ती उठली, हेल्मेट सरळ केलं, कुंपणाकडे वळली आणि मोठ्या माणसांना उद्देशून म्हणाली,

"सोमवारी याला उभंपण राहता येत नव्हतं."

लुदोच्या आईने तोंड उघडलं. बेकरीवालीने तिला कोपराने ढोसलं. चंदेरी जाकीटवाली बाई पुढे आली.

"सोमवारी? खरंच? कुणी शिकवलं त्याला?"

"मी," ब्लांश म्हणाली. मग बाजूच्या पाच जणांकडे बघून, जरा नाइलाजाने, "आम्ही."

तेवढ्यात बिसोनेत पोचला. तो वरून उतरला होता, पण त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. फक्त ब्लांशने बघितलं होतं, आणि तिच्या कपाळावर आठी होती.

"तू मागे झुकतोस," ती त्याला म्हणाली. "तुला कोण शिकवतं?"

उगेत कुंपणाला टेकून उभी होती. तिने हात वर केला. "मी शिकवलेला आहे तो. एखादा सुटतो गं हातून."

बिसोनेत लालबुंद झाला. जाकिटाला शोभेल असा. त्याने लुदोला ढिगाऱ्यातून हाताला धरून बाजूला ओढलं.

"खोटं बोलून शिकवायचं नाही. या टेकडीवर पुन्हा नाही. कळलं?"

"वर खरं सांगितलं की मी. तुझ्यासमोर."

"ऐकलं." बिसोनेतने सहा पोरांकडे बघितलं. सहाच्या सहा, कोरडी, न रडलेली, खुर्चीतून वर गेलेली, आपापली खाली आलेली. मोजल्यासारखं बघितलं. मग दात ओठ खाऊन म्हणाला, "जाकीट राहू दे. सोमवारी ये. नवीन गट देतो."

लुदोचा जीव भांड्यात पडला. आई तिकडे कुंपणापलीकडे भेटेल त्याला सांगत होती, माझा आहे, माझा, तो मास्तर. आणि कुणीतरी तिला विचारत होतं, हो का, पण सोमवारी खरंच येत नव्हतं का त्याला? आईला खोटं बोलता येत नाही. पण एवढ्या लोकांसमोर पोराचं कौतुक होतंय म्हटल्यावर ती नुसतीच हसली, गोड, काही न बोलता.

तिथेच घोळ झाला.

सोमवारी सकाळी लुदो खुशीत झोपडीबाहेर आला, नवीन गट बघायला. सहा जण उभे होते. सगळे एकापेक्षा एक उंच. एकाला मिशी. एकाचं पोट स्कीच्या टोकांच्याही पुढे. शुक्रवारी कुंपणापाशी जे बाप उभे होते, त्यांतलेच सहा. बिसोनेत खिडकीतून बघत होता आणि हसत होता, आठवडाभरात पहिल्यांदा.

"तुम्हीच ना ते?" मिशीवाल्याने हात पुढे केला. "पाच दिवसांत एवढी प्रगती. आम्हाला पण तसंच शिकायचंय. तीच पद्धत."

लुदोने एकदा चूक केली होती. परत नाही करायची.

"हे बघा, खरं सांगतो. मला आधीपासून येतं. लहानपणापासून. मी शर्यतीत होतो."

सहाही बापांनी एकमेकांकडे बघितलं.

"किती विनम्र आहे बघा," पोटवाला म्हणाला.

"नाही हो, खरंच—"

"कळलं हो, कळलं," मिशीवाल्याने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि मान उंचावून त्याच्या मागे, झोपडीच्या दाराकडे बघायला लागला. "ते ठीक आहे. पण ती मुलगी कधी येणार?"